किक गेली तरी पाय थांबू नयेत: टेक्नोच्या सेटमध्ये डबस्टेप

टेक्नोच्या सेटमध्ये डबस्टेप आणताना बहुतेक डीजे बीपीएमची (मिनिटाला किती मात्रा याची) काळजी करत बसतात आणि फसतात भलतीकडेच. वेग जुळवणं हा घरी बसून करायचा गणिताचा भाग झाला. खरी अडचण अशी, की टेक्नोवर नाचणाऱ्याला दर मात्रेला एक किक (बेस ड्रमचा ठोका) मिळत असते आणि डबस्टेप ती काढून घेतं. चार मात्रांच्या बारमध्ये किक पहिल्या मात्रेवर, स्नेअर (तडतडणारा ड्रम) तिसऱ्यावर, मधे मोकळी जागा आणि खाली लांब पसरलेला सब (अंगाला जाणवणारा सगळ्यात खोल बेस). डेक (ट्रॅक वाजवणारं यंत्र) १४० दाखवतो, शरीराला मात्र ७० जाणवतात. मात्रा तितक्याच जलद जात असतात, पण ठेका अर्ध्यावर आलेला असतो आणि तासभर दर मात्रेला पाय टाकणारा माणूस अडखळतो.

म्हणून पुढच्या सगळ्या खटपटीमागे एकच सूत्र आहे: किक काढली तरी चालेल, मात्रा ऐकू येत राहिली पाहिजे. हॅट (झांजेची टिकटिक), रिम (ड्रमच्या कडेचा ठोका), शेकर, बेस कापलेली किक, काहीही चालेल. दर मात्रेला कानावर काहीतरी पडत असेल तर टेक्नोचे लोक सबसोबत आनंदाने जातात.

ट्रॅक कोणते घ्यायचे

डबस्टेपच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्यातल्या दोनच इथे उपयोगाच्या आहेत.

पहिला प्रकार सीमेवरचा. वेग १३० ते १४०, बेस डबस्टेपचा, पण ड्रम्स सतत चालणारे, कधीकधी सरळ चार किकचे. २००७ ते २०१० या काळात असं भरपूर संगीत झालं: २५६२ (हे कलाकाराचंच नाव), मार्टिन, स्कूबा, पेव्हरेलिस्ट, शॅकलटन हे निर्माते, आणि २००७ मध्ये रमादानमन, पँजिया व बेन यूएफओ यांनी सुरू केलेलं हेसल ऑडिओ हे लेबल. शॅकलटनच्या कामाचं रिमिक्स टेक्नो डीजे रिकार्दो व्हिलालोबोसने केलं होतं. स्कूबाने तर २००८ पासून बर्लिनच्या बर्गहाइन क्लबमध्ये, म्हणजे टेक्नोच्या बालेकिल्ल्यातच, सबस्टन्स नावाच्या रात्री भरवल्या. थोडक्यात, हा पूल बांधून तयार आहे. पहिल्यांदाच प्रयोग करणार असाल तर इथूनच सुरू करा.

दुसरा प्रकार खोल, रिकाम्या जागेचा. क्रॉयडन आणि ब्रिक्सटनच्या दक्षिण लंडनी परंपरेतला: माला, लोफा, डिजिटल मिस्टिक्झ. ड्रम्स कमी, सब जास्त, डबचा (रेगेतून निघालेल्या इकोभरल्या प्रकाराचा) प्रतिध्वनी. टेक्नोच्या कानाला हा प्रकार डब टेक्नोचा चुलतभाऊ वाटतो, कारण दोघांचं मूळ जमैकन डबमध्येच आहे. परिणाम सगळ्यात मोठा याचाच होतो आणि धोकाही याचाच मोठा. लेखातली बरीचशी कारागिरी याच प्रकारासाठी आहे.

तिसरा प्रकार म्हणजे करकरणाऱ्या मिड-रेंज बेसचा, मोठ्या बिल्ड-अपनंतर किंचाळत येणाऱ्या ड्रॉपचा (बेस पूर्ण ताकदीने सुरू होतो त्या क्षणाचा). तो इथे नको. बेसचा सगळा तमाशा २०० हर्ट्झपासून २ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात चालतो, दर दोन बारला नवा आवाज लक्ष वेधतो आणि टेक्नोने तासभर बांधत आणलेली तंद्री तीस सेकंदांत मोडते. एरवी त्यात वाईट काही नाही. तो वेगळ्या गर्दीसाठी बनलेला आहे, इतकंच.

निवडताना एक चाचणी करा. ट्रॅकचा ड्रॉप लावा आणि सब ऐकूच येणार नाही अशा लहान स्पीकरवर वाजवा. जे उरतं त्यात मात्रा मोजता येतात का? येत असतील तर ट्रॅक एकटा उभा राहील. स्नेअरशिवाय काहीच ऐकू येत नसेल तर त्याच्या जोडीला हॅटचा लूप लागेल, हे आधीच लिहून ठेवा.

वेग आणि सुराचा हिशेब

सीमेवरचा पहिला प्रकार सोडला तर डबस्टेप जवळजवळ सगळं १४० च्या आसपास, फार तर १३८ ते १४२. टेक्नो १३८ ते १४० वर चालू असेल तर काही करायचं नाही, पुढचे चार परिच्छेद सोडून द्या. अडचण १३० ते १३३ च्या सेटची आहे.

१३२ वरून १४० वर जायला पिच (डेकचा वेग, ज्याबरोबर सूरही सरकतो) ६ टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि टेक्नोचा ट्रॅक तेवढा ताणला की किक पातळ आणि घाईची वाटते. उलट डबस्टेप १३२ वर खाली ओढलं तर ते जवळपास एका पूर्ण अर्धस्वराने उतरतं आणि स्नेअर मरगळतो. दोघांनी अर्धं-अर्धं अंतर चालून १३६ वर भेटणं हा मध्यममार्ग. टेक्नोला अधिक ३ टक्के, डबस्टेपला उणे २.९ टक्के. दोन्ही सहन होतात.

१३६ पर्यंत पोहोचायचं सावकाश. १३१ वर असाल तर दर ट्रॅकमागे एक बीपीएम, म्हणजे पाच ट्रॅक आधीपासून तयारी. वाढवायचं ते एकटाच ट्रॅक चालू असताना, आठ-दहा बारांत पसरवून, बोटभर हलवत. ब्रेकडाउनच्या (ड्रम्स थांबतात त्या भागाच्या) लांब सुरांवर पिच हलवलात तर सूर सरकलेला कोणालाही कळतो, म्हणून ड्रम्स चालू असतानाच हलवा.

आता मास्टर टेम्पोचा, म्हणजे की-लॉकचा (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणाऱ्या सोयीचा) प्रश्न. सबचा ट्रॅक असेल तर तो बंद ठेवा. ४० हर्ट्झची एक लाट २५ मिलिसेकंद लांब असते. की-लॉक आवाजाचे छोटे तुकडे करून ताणतो आणि इतकी लांब लाट त्या तुकड्यांत नीट बसत नाही. हेडफोनवर फरक कळणार नाही. मोठ्या सिस्टीमवर सब थरथरतो, त्याची कड जाते.

की-लॉक दोन्ही डेकवर बंद ठेवला की सूर सरकणार, आणि इथे एक गंमत आहे. टेक्नो १३२ वरून १३६ ला नेला की साधारण ५० सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढतो, डबस्टेप १४० वरून १३६ ला आणलं की साधारण ५० सेंट उतरतं. दोघांत मिळून एका अर्धस्वराचा फरक. म्हणजे स्क्रीनवर दोन्ही ट्रॅक ई मायनर दिसत असतील तर प्रत्यक्षात ते एकमेकांशी भांडतील, आणि टेक्नो ई मायनर, डबस्टेप एफ मायनर असं दिसत असेल तर दोन्ही एकाच सुरात येतील. स्क्रीनवरच्या कीवर (सुराच्या पट्टीवर) आंधळा विश्वास ठेवून केलेले कित्येक मिक्स इथेच नासतात. निवड करताना डबस्टेपची की टेक्नोपेक्षा एक अर्धस्वर वरची शोधा.

घरची तयारी

सॉफ्टवेअर डबस्टेपचा ग्रिड (ट्रॅकवरच्या मात्रांच्या खुणा) हमखास चुकवतं. ट्रॅक ७० बीपीएमचा म्हणून नोंदवला जातो, मग सिंक (आपोआप वेग जुळवणारी सोय) किंवा मात्रेवर चालणारे इफेक्ट्स दुप्पट लांबीचे होतात. ग्रिडच्या पॅनेलमध्ये दुप्पट करण्याचं बटण असतं, ते दाबून १४० करा. दुसरी चूक जास्त छुपी आहे: सम स्नेअरवर धरली जाते. ग्रिडची पहिली मात्रा किकवर आहे ना, हे प्रत्येक ट्रॅकला डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासा. सम दोन मात्रांनी सरकली तरी बीट जुळलेलेच वाटतात, पण स्नेअर टेक्नोच्या बारच्या सुरुवातीला आदळतो आणि सगळं उलटं चालल्यासारखं होतं.

हॉट क्यू (बटण दाबताच उडी मारता येते अशा खुणा) चार पुरतात. पहिली मात्रा, ड्रॉपच्या आधीचे १६ बार जिथे सुरू होतात ती जागा, ड्रॉप, आणि ड्रॉपनंतर बेस थांबून फक्त ड्रम्स उरतात ती जागा. शेवटचा क्यू लोक विसरतात आणि बाहेर पडायची वेळ आली की तोच हवा असतो.

तिसऱ्या डेकसाठी एक हॅटचा लूप बनवून ठेवा. टेक्नोच्या एखाद्या ड्रम ट्रॅकमधून किक नसलेले चार बार निवडा, किंवा ऑडिओ एडिटरमध्ये १३६ वर सरळ सोळाव्या भागाच्या (मात्रेला चार) हॅट्स आणि दर मात्रेला एक हलका रिम मांडा. ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. अशा दोन फाइल ठेवा, एक सरळ आणि एक किंचित झुलणारी. कारण पुढे कळेल. मिक्सरला दोनच चॅनल असतील तर तिसऱ्या डेकचा बेत सोडा आणि लूप थेट ट्रॅकमध्येच मिसळून स्वतःची आवृत्ती करून ठेवा. ती फक्त स्वतःच्या सेटपुरती.

मिक्स, बार मोजत

समजा डबस्टेपच्या ट्रॅकला ड्रॉपपर्यंत ३२ बार आहेत. १३६ वर ते साधारण ५६ सेकंद होतात. टेक्नोचा ट्रॅक असा हवा, की पुढचे ४८ बार त्याच्यात ब्रेकडाउन नाही. हे आधी मोजा. दोन ब्रेकडाउन एकमेकांवर पडणं ही नवशिक्यांची आवडती चूक आहे.

मिक्सरला ईक्यू (लो, मिड, हाय म्हणजे खालचे, मधले, वरचे आवाज कमी-जास्त करणारा) आणि आयसोलेटर (तेच पट्टे पूर्ण बंद करू शकणारा) अशी निवड असेल, जशी डीजेएम-९०० वर आहे, तर आयसोलेटर लावा. ईक्यूमध्ये बेस पूर्ण डावीकडे नेला तरी थोडा शिल्लक राहतो आणि सबच्या बाबतीत तेवढाही पुरतो घोटाळा करायला.

बार १: टेक्नोच्या सोळा बारांच्या टप्प्याच्या समेवर डबस्टेप सोडा. लो पूर्ण बंद, हाय अर्ध्याच्या खाली, मिड जागेवर. फेडर (आवाजाची सरकपट्टी) आठ बारांत वर.

बार ९: डबस्टेपचे हाय हळूहळू उघडा. टेक्नोच्या हॅट्स भांडत असतील तर टेक्नोचे हाय तेवढेच खाली.

बार १७: तिसऱ्या डेकवरचा हॅटचा लूप समेवर सुरू, फेडर अर्ध्यावर. टेक्नोचा मिड उतरवायला लागा. लूप ड्रॉपच्या बरोबरीने आणू नका. तो सोळा बार आधीपासून चालू असला की कानाला तो जुना, ओळखीचा वाटतो आणि किक गेल्यावर पाय त्याला धरतात.

बार २५: टेक्नोचा लो तीन-चार डेसिबलनी कमी. कुणाच्या लक्षात येत नाही, पण पोट रिकामं होऊ लागतं.

बार ३२: पूर्ण बारभर टेक्नोचा लो बंद. हे पावणेदोन सेकंद आहेत. खाली काहीच नाही, वर हॅट्स आणि किकची फक्त टकटक. या रिकामेपणामुळेच पुढच्या समेवर येणारा सब आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

बार ३३: समेवर डबस्टेपचा लो मधोमध. टेक्नोचा फेडर मात्र खाली आणू नका. लो कापलेल्या किकचा वरचा ठोका, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झचा, आणखी १६ बार चालू राहू द्या. हाच तो धागा आहे. लोकांच्या पायाखाली सब आला, कानात मात्र दर मात्रेची टिचकी अजून आहे.

बार ४९: टेक्नो पूर्ण बाहेर. लूप एकटा उरतो. बार ६५ च्या पुढे तोही हळूहळू अर्ध्यावर आणा. तोपर्यंत फ्लोअर एक तर आत आलेला असतो किंवा नाही.

पाठ झाल्यावर हे आकडे मोडा. काही ट्रॅकांत ड्रॉप १६ बारांवरच येतो, काहींत ड्रॉपच्या आधी दीड बार शांतता असते आणि तिथे टेक्नोची किक चालू ठेवली तर ट्रॅकची सगळी नाट्यमयता जाते. तिथे उलट करा: त्या शांततेत टेक्नोही झटक्यात बंद, फक्त हॅटचा लूप चालू.

सब आणि गेन

टेक्नोची किक आणि तिच्याखालचा रंबल (गडगडाट) साधारण ४० ते ९० हर्ट्झमध्ये राहतो. डबस्टेपचा सब ३५ ते ५५ मध्ये, आणि तो ठोका देऊन संपत नाही, सलग राहतो. दोघे एकत्र चालू राहिले तर ५० हर्ट्झची किक आणि ४५ हर्ट्झचा सब मिळून सेकंदाला पाच वेळा धडधडतात, सिस्टीमचा लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारं यंत्र) दाबायला लागतो आणि वरच्या हॅट्ससुद्धा श्वास घेतल्यासारख्या आतबाहेर होतात. म्हणून लो कायम एकाचाच. टेक्नोच्या दोन ट्रॅकांत लो चार बार एकमेकांवर राहिला तर चालून जातो, इथे अर्धा बारही नाही.

गेन (चॅनलची मूळ आवाजपातळी, ट्रिमच्या बटणाने लावतात ती) लावायचा तो ड्रॉपवर. डबस्टेपची सुरुवात इतकी हळू असते, की हेडफोनमध्ये ऐकताना हात आपोआप ट्रिम वाढवतो आणि ३३ व्या बारला मास्टर लाल होतो. ड्रॉपचा क्यू दाबा, मीटर बघा, ट्रिम ठरवा, मग मागे जा. सुरुवात कमी वाटली तर फेडर आणि मिडने सांभाळा.

बूथमधल्या मॉनिटरना बहुतेक ठिकाणी सब नसतो, त्यामुळे डीजेला सबबद्दल जे वाटतं त्याला फारसा अर्थ नाही. साउंडचेकला एक ओळखीचा ट्रॅक लावून फ्लोअरच्या मधोमध उभे राहा. सिस्टीम ५० हर्ट्झच्या खाली काही देत नसेल तर शुद्ध साइन लाटेचा बेस असलेले ट्रॅक त्या रात्री बाद. लोकांना फक्त स्नेअर ऐकू येईल. अशा जागी बेसला १०० ते २०० हर्ट्झमध्ये थोडी खरखर असलेले ट्रॅक निवडा. लो वाढवून उपयोग नाही. जे स्पीकर वाजवूच शकत नाही ते वाढवून फक्त लिमिटर चिडतो.

कुठे बिघडतं

हॅट्स दुहेरी ऐकू येतात, बीट मात्र जुळलेले आहेत. हा स्विंगचा प्रश्न. डबस्टेप यूके गराजमधून आलं, त्याच्या हॅट्स अनेकदा झुलत्या असतात, आणि टेक्नोच्या सरळ सोळाव्या भागांवर त्या आदळतात. पिच हलवून हे सुटत नाही. एकाचे हाय कापा आणि लूपची झुलती फाइल लावा. तीन-तीनच्या लयीतलं डबस्टेप असेल तर सरळ हॅटचा लूप वापरूच नका, फक्त दर मात्रेचा रिम ठेवा.

ड्रॉपनंतर लोक थबकतात. पहिले सोळा बार थबकू द्या, तेवढा वेळ शरीराला अर्धा ठेका शोधायला लागतो. घाबरून लगेच किक परत आणलीत तर ना हे ना ते. डोकी हलायला लागली की जमलं. बत्तीस बारांनंतरही लोक दारूच्या काउंटरकडे वळत असतील तर बाहेर पडा. त्यासाठी मोकळ्या डेकवर किकने सुरू होणारा टेक्नो ट्रॅक क्यूवर तयार ठेवलेला असावा, कोणत्याही आठ बारांच्या समेवर सोडता येईल असा.

खोली एकदम लहान वाटायला लागते. टेक्नोतला रिव्हर्ब (घुमारा) आणि पॅड (मागचे लांब सूर) गेलेले असतात, डबस्टेप कोरडं असतं. टेक्नोचा एखादा लांब सूर पकडून, लो कापून, मागे हलका चालू ठेवला की भिंती परत लांब जातात. हा उपाय फार कमी लोक करतात.

डबस्टेपचे दोन ट्रॅक एकमेकांत मिसळताना टेक्नोसारखी दोन-दोन मिनिटं घेऊ नका. सोळा बार, ड्रॉपवर लोची अदलाबदल, संपलं. रिकामी जागा हाच या संगीताचा जीव आहे. दोन ट्रॅक एकमेकांवर ठेवले की ती जागाच भरून जाते.

किती वाजवायचं? तासाच्या सेटमध्ये सहा ते आठ मिनिटांचे दोन टप्पे भरपूर झाले, प्रत्येकात दोन-तीन ट्रॅक. पहिल्या वीस मिनिटांत नको, कारण तंद्री लागल्याशिवाय ती मोडण्यात मजा नाही. आणि रात्रीच्या सर्वोच्च क्षणीही नको. त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी ही जागा बरोबर बसते, कारण पुढे किक परत येणार असते.

परत येताना

परतीचा रस्ता सोपा आहे. चार मात्रांची किक परत येणं हेच बक्षीस असतं, म्हणून ते उधळू नका. चौथ्या क्यूच्या जागेवर, जिथे डबस्टेपचे फक्त ड्रम्स उरलेत, टेक्नो लो कापून आत आणा. सोळा बार लोकांना किकची टकटक ऐकू येते, पोटात मात्र काही नाही. डबस्टेपचा सब परत सुरू होण्याआधी त्या ड्रम्सचा चार बारांचा लूप लावा, नाहीतर बेस मधेच टपकेल.

शेवटच्या बारात तिसऱ्या मात्रेचा स्नेअर इकोत सोडा, पाऊण मात्रेच्या अंतराने. १३६ वर ते ३३१ मिलिसेकंद. पाऊण मात्रा अशासाठी, की पहिले प्रतिध्वनी मात्रांच्या मधल्या जागांत पडतात आणि समेवर गर्दी करत नाहीत. डबस्टेपचा फेडर खाली, इको विरत जातो, आणि समेवर टेक्नोचा लो एका झटक्यात मधोमध.

हा परतीचा ट्रॅक साधा निवडा: किक, हॅट, एखादा स्टॅब (तुटक सूरसमूह). इथे गुंतागुंतीचं काही लावलं तर किकचं परतणं झाकलं जातं. वेग १३६ लाच ठेवा, मागे १३२ वर जाऊ नका. अर्ध्या ठेक्यानंतर १३६ ची किक लोकांना आधीपेक्षा बरीच जलद वाटते, आणि पुढच्या ट्रॅकला १३७ करायची सवड त्यातूनच मिळते.